बाबा अजून छान पाडतात

तानाबे, दहा जून

तीर्थरूप कोहेइदादास,

धाकट्या चिझुरूचा नमस्कार. अकरा वर्षांत तुझं एका ओळीचंही पत्र नाही, त्याअर्थी तू ठणठणीत असणार असं धरून चालते. (माणूस आजारी पडला की निदान बहिणीची तरी आठवण काढतो.) वहिनींनाही नमस्कार सांग. इथे उमेची आंबट फळं पिकलीत. बारा किलो मिठात घातली. खाणार कोण, ते विचारू नकोस.

बाबा बरे आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी जेवण आपल्या हातांनी, चालणं आपल्या पायांनी. फक्त जेवलो हे त्यांना आठवत नाही आणि चालत कुठे निघालो होतो तेही आठवत नाही. एवढं सोडलं तर काही त्रास नाही. गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या कुबोताबाई आल्या होत्या, बाबांना किती मदत लागते ते ठरवायला. आज वार कोणता, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "सरावाचा." (आपल्या आखाड्यात सातही वार सरावाचेच, तेव्हा उत्तर चुकलं असं मी म्हणणार नाही.) पंतप्रधान कोण? "ते अजून शिकायला आलेले नाहीत." मुलं किती? "एकच. कोहेइ." मी तेव्हा शेजारीच बसून चहा ओतत होते. सांडला नाही, एवढंच सांगते.

मग बाईंनी बाबांना उठवायला म्हणून त्यांचं मनगट धरलं. चांगल्या मनानंच धरलं बिचारीनं. बाबा नुसते कमरेतून वळले, आणि कुबोताबाई बसायच्या उशीवर अशा अलगद आडव्या झाल्या की त्यांचा चष्मासुद्धा जागचा हलला नाही. पडल्यापडल्या त्या म्हणाल्या, "अगंबाई!" उठून त्यांनी कागदावर लिहिलं: उठण्याबसण्यास मदतीची गरज नाही. त्यामुळे ज्या माणसाला घरातलं न्हाणीघर सापडत नाही, त्याला आता आठवड्याला एक तास मदत मिळते.

दोजोच्या आखाड्यात बाबांकडे शिकणारे आम्ही चौघंच उरलोय. तामाकी टोफूवाले, त्यांची बायको, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. तिथल्या तातामीच्या जाड चटयांवर पाय ठेवला की बाबा बदलतात. घरात पाय घासत चालणारा माणूस तिथे पाण्यावर चालल्यासारखा सरकतो. "हात नको, आधी पाय," हे वाक्य ते एका तासात वीस वेळा सांगतात. (पूर्वीही वीसच वेळा सांगायचे, तेव्हा याला आजार कसं म्हणू?)

पण मागच्या मंगळवारी एक गोष्ट घडली. तामाकींनी वरून वार केला, बाबांनी तो चुकवून त्यांचं मनगट धरलं, अर्धं वळले आणि थांबले. पुढे काय करायचं तेच त्यांना आठवेना. ते हातातल्या मनगटाकडे बघत राहिले, रस्त्यात सापडलेली कुणाची वस्तू बघावी तसे. तामाकींचं वजन तुला ठाऊक आहे, शंभर किलोंच्या खाली ते कधी आलेले नाहीत. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग धाडकन आपणहून पडले! खिडक्या थरथरल्या. आम्ही सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी विचारलं, "छान पडता हो. शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, सेन्सेइ."

"बरा दिसतो शिकवणारा," बाबा म्हणाले.

तामाकी नंतर बराच वेळ विहिरीवर तोंड धूत होते.

मला मात्र ते अजून नीट पाडतात. पाडतात आणि म्हणतात, "कोहेइ, खांदा सैल सोड. रागावलास का रे?" तुझा खांदा ताठ राहतो म्हणून त्यांनी एका संध्याकाळी तुला सगळ्यांदेखत चाळीस वेळा पाडलं होतं, आणि तू पट्टा तिथेच टाकून निघून गेलास. ती संध्याकाळ त्यांच्यात कुठेतरी अडकून राहिली असावी. मी रोज म्हणते, "नाही बाबा, रागावलो नाही." तुझ्या वतीनं खोटं बोलते. माफ कर.

तू फोनवर वहिनींकरवी सुचवलंस, की त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं. दादा, माझ्या जिवात जीव आहे तोवर ते होणार नाही. बाबांना दोजोपासून तोडणं म्हणजे माशाला टोपलीत ठेवून समुद्राची गोष्ट सांगण्यासारखं आहे. आम्हाला कुणाचीही मदत नको. तू तुझ्या घरी सुखी राहा.

तुझी,
चिझुरू

ता.क. वृद्धाश्रमाच्या कागदांवर मी काल सही केली. अठरा तारखेला नेणार आहेत. त्याआधी एकदा ये. बोलायची गरज नाही. तातामीवर जा, त्यांचं मनगट धर आणि पड. पडल्यावर ते जे विचारतात, त्याचं उत्तर तू दे. मला आता ते देववत नाही.

आणखी एक. परवा बाबांचा हात तापल्या किटलीकडे गेला म्हणून मी तो धरला. स्वयंपाकघरात तातामी नाही. माझ्या दोन बरगड्यांना चीर गेली आहे. बाबा घाबरून माझ्याजवळ बसले, डोक्याखाली त्यांनी स्वतःचा अंगरखा घातला आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरचं कुणी आहे का? कळवायचं असेल तर सांगा."

मी म्हटलं, आहे.