मांडवाला घातलेली तार

एप्रिल १९७९

आदरणीय आनंदमामाजी, सप्रेम जयभीम.

मांडव माणसं बसल्याने टिकतो की न बसल्याने? बी.ए. झाले, पण याचं उत्तर मला येत नाही. तुमची तब्येत बरी असेलच. मामींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक (मी सरपंचांपुढे तोंड उघडलं म्हणून बाबा बोलत नाहीत, पण माझ्या हातचं जेवतात).

आपल्या बाजारातला सागाच्या आठ खांबांचा जुना मांडव पाडून सरपंच कृष्णराव तिथे सिमेंटची कमान उभारणार होते. मी पंचायतीत इंग्लंडातल्या एका खेड्याचं चित्र घेऊन गेले. तिथेही बाजारचौकात असाच लाकडी मांडव आहे, चारशे वर्षांचा. पूर्वी बाया त्याखाली लोणी-अंडी विकायच्या. त्यांनी जपला, आपण का जपू नये, असं पाऊण तास बोलले (मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाही). देवाजी मेंबरांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "याच्यात तं एकही बाई बसून नाही. म्हनूनच टिकला ना!" जपण्याचा ठराव तिथेच पास. मांडव वाचला, आणि आठवड्याच्या आत त्याला चारी बाजूंनी काटेरी तार लागली.

पुढच्या बाजारी मांडवाखाली बसणाऱ्या भाजीवाल्या बाया उन्हात. धुरपताआजीच्या मेथीने दहा वाजता मान टाकली, आजीने अकराला. शुद्धीवर आल्यावर तिने मलाच विचारलं, "काहून वो पोरी, सावली जुनी झाली तं तिच्यात बसाचं नाही काय?" सरपंचांकडे धावले, तर ते म्हणाले, "तूच तं म्हने जपा म्हनून. आता जपूनच राहिलो ना!"

असो. मामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
पंचफुला

ता.क. काल भर दुपारी, गाव दारं लावून झोपलं असताना, कोणीतरी ती तार कापली. आज बाया मांडवाखाली बसल्या. तहसीलदारांकडे तक्रार लिहायला सरपंचांनी मलाच बोलावलं. वाचून दाखवते म्हटलं, तर "ग्रॅज्युएटचं लिवलेलं कायले तपासाचं?" म्हणत त्यांनी सही ठोकली.

आणखी एक. रेडिओची तार जोडायला म्हणून मामींकडून नेलेली तुमची पकड आता परत येणार नाही. तिच्यावर तुमचं नाव कोरलेलं आहे, आणि खोटं मला लिहवत नाही (बोलवतं कधीकधी). म्हणून 'अज्ञात इसम' न लिहिता लिहिलं की तार मी कापली, पकड मामांची, आणि तार पुन्हा लावू नये अशी सरपंचांची नम्र विनंती आहे. कोणी चौकशीला आलं तर 'पकड मीच तिला दिली' असं म्हणा, एवढंच मागणं. पुरावा म्हणून ती अर्जाला बांधली आणि दुपारच्या मोटारीने तालुक्याला जाऊन दोन्ही देऊन आले.