चादरीच्या पासष्ट पट्ट्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (लिहिण्यापुरताच साष्टांग. प्रत्यक्षात आठांपैकी पाचच अंगं खाली जातात, उरलेली तीन कमरेच्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत.) तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. जावई तुला जिना चढू देत नाहीत, यात त्यांची काळजी किती आणि वरच्या मजल्यावरचा त्यांचा पसारा किती, हे तूच ठरव. आमच्याकडे ही बरी आहे, म्हणजे बोलते आहे.

मागच्या पत्रात तू कडेला बारीक अक्षरात विचारलं होतंस, ‘आपलं जंगल कसं आहे?’ एका ओळीच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यावं, पण ती ओळ लिहायला घेतली की हात थांबतो. म्हणून सगळंच लिहितो.

गेल्या वर्षी जंगलाच्या मधोमध मोजणीची तिपाई लावून दोन माणसं उभी दिसली. गॅसची पाइपलाइन जाणार आहे, असं त्यांनी मला इतक्या सहज सांगितलं की जणू ती जागा त्यांची आणि मी फिरायला आलेलो. चार दिवसांनी कंपनीचे समन्वयक आले. (समन्वयक म्हणजे जे होणारच आहे ते तुम्हाला विचारून होतंय असं वाटायला लावणारा माणूस.) गोड माणूस. बुटांचा चिखल दाराबाहेर पुसून आला, आणि पंचवीस मिनिटं फक्त जंगलाची स्तुती केली. ताई, एकतीस वर्षं मी त्या उजाड खाणीच्या जमिनीवर जंगल उभं करायला राबलो. विरळणी केली, वेली कापल्या, नाल्याचे काठ बांधले, आणि इतक्या वर्षांत तुझ्याशिवाय कोणी एक बरा शब्द बोललं नव्हतं. मी विरघळलो. तो गेल्यावर ही म्हणाली, एवढी स्तुती करणारा माणूस एक तर मुलगी मागायला येतो नाही तर जमीन, आणि आपल्याला मुलगी नाही.

पाइपलाइन अडवणं शक्य नव्हतं, वकिलाने तसं स्पष्ट सांगितलं. मग निदान जंगलाला कमीत कमी इजा व्हावी म्हणून मी अकरा अटी लिहिल्या. तीन आठवडे वाचनालयात बसलो. कामाचा पट्टा जंगलापुरता निम्मा ठेवावा. वरची काळी माती वेगळी रचून पुन्हा वरच घालावी. मुळांवरून यंत्र नेऊ नये. पिल्लं घरट्यात असताना काम करू नये. नाला खणू नये, त्याच्याखालून भोक पाडून नळ न्यावा. प्रत्येक अटीवर भांडायची तयारी केली होती, आरशासमोर दोनदा भांडूनही पाहिलं. कंपनीने अकराच्या अकरा अटी एका दुपारी मान्य केल्या. मला इतका आनंद झाला की मी नफा झालेल्या पेढीवाल्यासारखा हात चोळत घरी आलो. आता कळतं, ज्याला अटी पाळायच्या असतात तो घासाघीस करतो.

सातवी अट अशी होती की पट्ट्याच्या काठावरची जी झाडं वाचवायची त्यांवर आधी खुणा कराव्यात. समन्वयक म्हणाले, तुमच्याइतकी ही झाडं कोण ओळखतं, खुणा तुम्हीच करा. मला तो मान वाटला. हिने दोन जुन्या पांढऱ्या चादरी काढून दिल्या, आम्ही दोघांनी त्या फाडून पट्ट्या केल्या आणि चार दिवसांत चौसष्ट झाडांना बांधल्या. लहानपणी तू ज्याच्या बेचक्यात बसून चिंचोक्यांएवढे खडे मला मारायचीस, खाणीतूनही वाचलेल्या त्या जोडखोडाला मी दोन पट्ट्या बांधल्या. एक सुटली तर दुसरी असावी म्हणून.

काम सुरू झालं त्या दिवशी मी जागेवर नव्हतो. कंपनीने मुख्य कचेरीत बैठक ठेवली होती, विषय ‘वृक्षसंरक्षणात मालकांचा सहभाग’. मला पुढच्या रांगेत बसवलं, आदर्श सहकार्याबद्दल प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. फोटोत मी हसतो आहे. (तो फोटो तुला पाठवत नाही, मागूही नकोस.)

चारच्या सुमारास परत आलो. ताई, कापणारी माणसं फार नीट काम करणारी होती. मुकादम स्वतः समोर आला, हातावरचा भुसा झटकून म्हणाला, “साहेब, इतकं स्वच्छ खुणा केलेलं काम आम्हाला कधी मिळत नाही. पांढरं ते काढायचं. एकही चुकवलं नाही.”

चौसष्टही आडवी होती. आणि जी काढायची होती, ती बिनपट्टीची झाडं फळ्यांचं कुंपण घालून जपलेली, त्यांच्या मुळांपासून यंत्रं लांब उभी केलेली. माझ्या अटी कोणीतरी पाळल्या होत्या, फक्त उलट्या बाजूने. जोडखोडाच्या बुंध्याशी दोन्ही पट्ट्या तशाच होत्या, गाठ पक्की.

मी म्हणालो, “ती वाचवायची होती.”

मुकादमाने खिशातून ठेकेदाराचा कागद काढून पाहिला. पांढरं म्हणजे काढा, असंच त्यात छापलं होतं. माझा अकरा अटींचा कागद त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि तो एका बुंध्यावर बसला. मग म्हणाला, “मला कोणी तरी सांगायला हवं होतं.” या सगळ्या प्रकरणात ज्याला वाईट वाटलं असा कंपनीचा तो एकच माणूस, आणि तो कंपनीचा नव्हता, रोजंदारीचा होता.

नळाला वाट हवीच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी कुंपणातली झाडंही गेली. निम्मा ठरलेला पट्टा असा आपोआप पुरा झाला. समन्वयकांची बदली झाली. चौकशी झाली आणि अहवाल आला की खुणा मालकाने स्वतः केल्या होत्या. त्या अहवालात एकही शब्द खोटा नाही. मी तीनदा वाचला. खोटं सापडलं असतं तर भांडता आलं असतं.

भरपाई म्हणून त्यांनी पट्ट्यावर दोनशे रोपं लावली. मी सव्वा महिना पाणी घातलं. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या खात्याची माणसं आली आणि नळावर झाडं वाढवायला मनाई आहे म्हणून दोनशेही उपटून गेली. जाताना माझी पोचपावतीवर सही घेतली. आता मध्ये मोकळा पट्टा आहे, त्यातून वारा थेट आत घुसतो. आतली झाडं वाऱ्याला कधी तोंड देत नव्हती, ती एकेक करून पडतात. या महिन्यात तीन. हिला मी सांगत नाही, ती मला सांगत नाही, आणि दोघंही मोजतो.

तर जंगल असं आहे. गुडघ्याला जप, जिना चढू नकोस. जावयांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पट्टा आता मोकळाच आहे म्हणून शेजारून दुसरी पाइपलाइन टाकायचं ठरलं आहे. त्यासाठी पट्टा आणखी तेवढाच रुंद करतील. या वेळी मात्र वकील म्हणतो, दोघा मालकांची, म्हणजे तुझी आणि माझी, संमती लागते, एकानेही नाही म्हटलं तर त्यांना बाहेरून वळसा घालावा लागेल. नवे समन्वयक तुझ्याकडे यायला निघालेत. तेही बूट बाहेर पुसतात.

ता. क. २. वर लिहायचं राहिलं असं नाही, टाळलं. मी सही करून बसलोय. त्यांनी दमदाटी केली नाही, स्तुतीही केली नाही. एवढंच म्हणाले, “या वेळी खुणा आम्ही करू, तुम्हाला झाडाला हात लावायला नको.” तेवढ्या एका वाक्यावर मी पेन उचललं. हिला अजून माहीत नाही. ताई, तू सही करू नकोस. कारण विचारतील, तेही देऊ नकोस. तू दिलेली सगळी कारणं ते मान्य करतील.