चाल सोडू नका

दि. १२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

मोहिनी बँड पार्टीचे मास्तर बंडूजी यांना कांताबाईचा जयभीम.

तुम्ही घरचे सगळे बरे असान. ज्यायच्या नावाचा बँड आहे त्या मोहिनीताईचे गुडघे आता कसे आहेत? इकडे पाऊस काही उसंत देत नाई. आमची पोरगी मयुरी नागपूरले कामावर परत गेली. मी चौथी शिकलेली बाई आहे, अक्षराले हसू नका.

फोन काऊन नाई केला म्हणान. फोनवर मी पहिले भांडते अन् मंग कामाचं बोलते, तोवर समोरचा ठेवून देते. म्हणून तुमच्या ढोलवाल्या रत्नदीपच्या हातून चिठ्ठी पाठवून राह्यली. त्याले सांगितलं, मधात वाचशील तर ढोलात पाणी भरीन.

मागच्या बुधवारी तुम्ही आर्वीच्या बसस्टँडवर भेटले. गुलाबभाऊ कसे आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. ते खोटं होतं. अजून एक विचारलं होतं तुम्ही, त्याचंही मी खोटंच सांगितलं. त्याच्यावर येते मी. एकदम नाई येता येत.

जूनच्या आठ तारखेले मयुरीच्या बाबाले, म्हणजे तुमच्या गुलाबभाऊले, लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. वर्ध्याले बारा दिवस दवाखान्यात होतो. घरी आणलं तं एक व्यायाम शिकवणारी पोरगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. म्हणे, काकू, रोज उभं करायचं, एक-दोन, एक-दोन मोजायचं, पाय उचलायले लावायचा.

मले कुठचा धीर. एक म्हटलं की पाय उठला पाहिजे. नाई उठला की मी ओरडायची. ते माह्याकडे पाहायचे अन् डोळ्यातून पाणी यायचं, तं मी अजून ओरडायची. सव्वा महिना असा काढला. पाय म्हणजे नुसतं लाकूड. एक दिवस मी मोजता मोजता चाळीसपर्यंत गेली अन् बसून रडली. हे कोणाले सांगितलं नाई.

तुमच्या बँडचं त्यायले कसं येड होतं ते तुम्ही जाणता. लग्नाची पत्रिका आली की नवरी कोणाची हे नाई, बँड कोणाचा हे पहिले. मोहिनी बँड असला तं शर्टले इस्त्री. मी पंगतीत जागा धरून बसायची अन् हे तुमच्या ढोलाजवळ उभे. एकदा म्हटलं, बँडवाल्याशीच लग्न करायचं होतं. तं म्हणे, त्यायनं मले विचारलं नाई.

जुलैमध्ये तुमची प्रॅक्टिस आमच्या मागच्या खताच्या गोडाऊनमध्ये पुन्हा सुरू झाली. तिसरा की चौथा दिवस असन. चार वाजले होते. मी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडून राह्यलती. हे भिंतीले धरून उभे, मी उभं करून ठेवलं होतं अन् मोजायचा कंटाळा आला होता. तुम्ही ते वरात मांडवाजवळ आली की संथ वाजवता ते वाजवून राह्यले होते. मधातच तुमच्या बँडातल्या अश्वजितनं काहीतरी गोंधळ केला, अन् तुम्ही भिंतीपलीकडून जोरात ओरडले, "चाल सोडू नका! मी आहे, पुढं या!"

तुम्ही तुमच्या पोरायले म्हटलं. तुमच्यात गाण्याले चाल म्हणतात. आमच्या घरी तेव्हा चाल म्हणजे एकच होती, पायाची. मयुरीच्या बाबाले वाटलं मास्तर त्यायलेच म्हणून राह्यले.

ढोल पडला अन् उजवा पाय उठला.

बंडूजी, मी खरं सांगते, माह्या हातातलं सूप तसंच वर राह्यलं. पाय उठला, पुढं पडला. ढोल पडला, डावा गेला. ढोल पडला, पुन्हा उजवा. मी मोजून राह्यली नव्हती. कोणीच मोजत नव्हतं. सात पावलं. मंग तुमचं कोणीतरी पुन्हा चुकलं, बाजा थांबला, अन् हे जिथल्या तिथं थांबले. भिंतीले धरून हासले. वाकड्या तोंडानं हासले, पण हासले.

हे काय आहे हो? पितळेच्या नळीत तुम्ही फुंकर मारता. ती फुंकर भिंत ओलांडून येते अन् माणसाच्या मेलेल्या पायात शिरते. माह्या आवाजात नाई शिरलं ते. सव्वीस वर्षं संसार केला, माह्या हाकेनं जो पाय हालला नाई तो रत्नदीपच्या काठीनं हालला. मले पहिले राग आला, मंग अंगावर काटा आला. अजूनही लिहिताना येऊन राह्यला. मी विहारात बसते, तिथं शांत वाटते, पण असं काही मी कधी पाह्यलं नव्हतं.

व्यायामवाल्या पोरीले सांगितलं. वाटलं हासन. ती म्हणे, होते काकू, ठेक्यावर पाय उचलतो, वाजू द्या. वाजू द्या म्हणे! जसा काही बँड माह्या बापाचा.

मंग रोजचं झालं. साडेतीनलेच ते खुर्चीत बसून चप्पल मागायचे. "चप" म्हणायचे, पूर्ण शब्द येत नाई. ऑगस्टमध्ये ओटा ते नळ, नळ ते फाटक. तुम्ही नवीन गाणं बसवाले घेतलं की पावलं वाकडीतिकडी पडायची, मी भिंतीकडे पाहून तुम्हाले शिव्या द्यायची. माफ करजा.

अन् ऑगस्टच्या शेवटी तुमची प्रॅक्टिस बंद झाली. आवाजाची तक्रार आहे म्हणून ग्रामपंचायतीनं कागद दिला. तुम्ही सामान उचललं अन् तिकडे आर्वीच्या बाजूले गेले. आज पंधरा दिवस झाले. पहिले दोन दिवस ते भिंतीकडे कान करून बसले. मयुरीनं मोबाईलवर बँड लावून दिला. दोन पावलं टाकली अन् दम लागला. मोबाईल थांबत नाई ना. तुम्ही चुकता, पुन्हा सुरू करता, तेव्हा त्यायले श्वास घ्यायले भेटते. तुमच्या चुकांवर तो माणूस चालत होता. आता चारले चप्पल मागत नाई. सोमवारपासून उभेच राह्यले नाई.

बसस्टँडवर तुम्ही दुसरं विचारलं होतं, "वहिनी, तक्रार कोणी केली असन हो? गावात आपलं कोणाशी वाकडं नाई." मी म्हटलं, काय माईत.

मी केली.

मार्च महिन्यात केली. तुम्ही चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी करून राह्यले होते. अर्ज मी लिहिला, अकरा सह्या मी घरोघरी फिरून घेतल्या, पहिली माही. डोकं दुखते असं लिहिलं. डोकं दुखत नव्हतं. मी काही बोलली तं हे नुसतं हुं म्हणायचे, अन् तुमचा बाजा वाजला की मान हालायची, डोळे मिटायचे. मले ते पाहावलं नाई. बस, एवढंच. पन्नाशीले आलेल्या बाईनं बाजाचा हेवा केला. मंग लकवा आला अन् अर्जाचं मी विसरली. कागद विसरत नाई. नवीन सचिव आले, त्यायनं जुने अर्ज काढले.

या आठवड्यात त्याच दहा घरी पुन्हा गेली. लीलाबाई म्हणे, "आता काऊन? तूच तं छातीवर बसून अंगठा घेतलता!" मी म्हटलं, आता उठून राह्यली छातीवरून, लाव अंगठा. सगळ्यायनं दिले. काल सचिवाले तक्रार मागे घेतल्याचा कागद दिला, त्याची नक्कल सोबत आहे. तुम्हाले कोणी अडवणार नाई. गोडाऊन मी झाडलं, एक विंचू निघाला, मारला.

तुम्ही या असं म्हणायचं माहं तोंड नाई. तुमची जागा मी घालवली, अन् तोंडावर खोटं बोलली. राग माह्यावर काढा, चार लोकात काढा, मी खाली मान घालून ऐकीन. हे मले जमत नाई, पण जमवीन.

त्यायले अजून माईत नाई. त्यायले वाटते तुम्हीच सोडून गेले. तुमचं नाव निघालं की तोंड फिरवतात. हे मात्र मले सहन होत नाई. माहं पाप तुमच्या नावावर जाऊन राह्यलं.

म्हणून ठरवलं. येत्या सोमवारी चार वाजता मी त्यायले ओट्यावर घेऊन जाईन अन् सगळं सांगीन. तुम्ही आले तरी सांगीन, नाई आले तरी सांगीन. फरक एवढाच, तुम्ही आले तं ते उभे राहून ऐकतीन, अन् मले सोडून जावंसं वाटलं तं दोन पावलं जाता येईन त्यायले.

कांता