गंध, स्कार्फ आणि माझा तोंडी आदेश

३ नोव्हेंबर, सोम.
जैतुनबी म्हणून एक म्हातारी आली होती. नवरा वारला, शेतावर नाव लावायचंय. दारातूनच तिनं तलाठी शेळक्यांकडे पाहिलं. कपाळभर गंध, गळ्यात भगवं उपरणं. तशीच माघारी फिरली. शिपाई दत्तूमामांनी बाहेर गाठलं तर म्हणाली, "त्ये सायेब माजं काम करत्याल व्हय?"
शेळके कामाला चोख. कुणाचं अडवलेलं मी तरी पाहिलं नाही. पण ते तिला कसं कळणार?

४ नोव्हें.
सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं. ऑफिसात असेपर्यंत धर्माची कसलीच खूण अंगावर नको. वरून काही आलेलं नाही, मंडळ अधिकारी म्हणून मीच सांगतेय. शेळक्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. बघवलं नाही.
मग दुसरी तलाठी, शबाना. "आणि माझा स्कार्फ, मॅडम?"
तोही, म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?
"गंध घरी गेल्यावर परत लावता येतं. माझं तसं नाही." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

६ नोव्हें.
शबाना रजेवर. कारण घरगुती. जैतुनबीसारख्यांना परकं वाटू नये म्हणून हे केलं, आणि...
डबा एकटीनं खाल्ला. आधी तिघं एकत्र बसायचो. शेळके आता बाहेर, मोटारसायकलवर बसून खातात.

७ नोव्हें.
शेळके आत आले. "रागवू नका मॅडम. मंगळसूत्र कशात धरायचं?"
"ते लग्नाचं आहे."
"आन लग्न कुठल्या धर्मानं लागलं?"
ते गेल्यावर मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं. दिवसभर हात सारखा गळ्याशी जात होता. शेळक्यांच्या लक्षात आलं. ओशाळले बिचारे. म्हणाले, "तसं न्हवतं म्हनायचं मला."

९ नोव्हें., रवि. रात्री, काष्टीची खोली
काल सावेडीला घरी गेले. सासूबाई दारातच, "गळा मोकळा का गं?" सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "ऑफिसात काढ की. घरी येताना घालायचं तेवढं." घालायला विसरले होते. खरंच विसरले होते. त्याला पटलं नाही. मलाही आता नक्की सांगता येत नाही. लेकीनं, ओवीनं, पर्समधून काढून माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा सगळे हसले. मीही हसले.
परत येताना एसटीत फार रडू आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, माहेरी कुणी गेलं का?

१२ नोव्हें.
दत्तूमामा जैतुनबीला घेऊन आले. शेळक्यांनी उठून खुर्ची दिली, अर्ज स्वतः भरून दिला. कपाळ कोरं. जाताना म्हातारी मला म्हणते, "ती पोरगी कुटं हाय? डोईला बांधनारी? त्या दिशी बी तिलाच हुडकत हुते मी."
रजेवर आहे, म्हणाले.
"आजारी हाय का?"
नाही म्हणाले.

१६ नोव्हें., रवि.
सावेडीला गेले नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम काही नाही. काष्टीचीच खोली, दार लावून.
सकाळी शबानाला फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला.
"मॅडम, रजा संपली. उद्या येऊ ना?"
"ये की."
कशी येऊ ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. म्हणणारच होते, तशीच ये. पण मग शेळक्यांना काय सांगू? तिच्याकडे कुणीतरी जेवायला हाक मारली.
"ठेवते, मॅडम. जेवलात का तुम्ही?"
हो म्हणाले. अजून भात टाकायचाय.