मिशाळ पाइपातून बाहेर येईना

प्रिय ठमे,

तुझं ट्रेनिंग माझ्या उत्तरावाचून अडलंय, ठाऊक आहे मला. पण आधी तुझ्या मिशाळाची बातमी ऐक. लग्न करून गेलीस आणि हा मासा त्याच्या मादीसकट माझ्या गळ्यात मारलास, त्याने यंदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

त्याला लपायला जागा हवी म्हणून मी नळाच्या कामातून उरलेला पाइपचा तुकडा माशांच्या काचेच्या टाकीत टाकला होता. पठ्ठ्या त्यात शिरला तो बाहेरच येईना. खाण्याकडेही ढुंकून बघेना. मला वाटलं, अंगावरच्या त्या चिलखतासारख्या कडक कवचामुळे अडकला. आयुष्यभर प्लंबिंग केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पाइप पाण्यासकट बादलीत घेतला आणि करवत काढली. कापण्याआधी सहज आत बॅटरी मारली, तर त्याच्या पोटाखाली पिवळ्याधमक अंड्यांचा घोस! मी करवत बाजूला ठेवली.

पाइप अलगद परत सोडला आणि तुझी जुनी बडबड आठवली. तोंडाने दगडाला चिकटणाऱ्या या मिशीवाल्यांच्या घराण्यात अंडी सांभाळतो तो बाप. नदीकाठचं बीळ नाहीतर पोकळ ओंडका तोच शोधतो, मादीने अंडी घातली की तिला हाकलतो आणि अर्धपोटी राहून परांनी अंड्यांवर ताजं पाणी ढकलत बसतो. तू हे सांगायचीस तेव्हा तुझी आई माझ्याकडे बघून खुदकन हसायची.

मी हलवाहलव केल्यावर अंडी जगतात की नाही, या काळजीने मला घास गोड लागेना. आज सकाळी बघतो तर काचेवर जिऱ्याएवढी पिल्लं चिकटलेली! इतकं हायसं वाटलं की दार वाजवणाऱ्या प्रत्येकाला आत ओढून दाखवतोय. मिशाळ बाहेर आलाय आणि अधाशासारखा काकडी खातोय.

आता तुझं उत्तर. बाळाला माझ्या मांडीवर दिलंस तेव्हा मी त्याला लगेच तुझ्याकडे परत दिलं. म्हणूनच त्याला सांभाळायचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. आई असती तर प्रश्नच नव्हता. पान्याची सवय झालेल्या या हातांत इवलासा जीव कसा राहणार, याची भीती मला होती, अजूनही थोडी आहे. पण तो पाइपातला गडी तरी कुठे शिकून आला होता? माळ्यावरून तुझा पाळणा काढलाय, स्क्रू आवळलेत, हिसके देऊन पाहिलेत. तू बिनघोर जा. बाळाला माझ्याकडे आणून सोड.

तुझाच,
बाबा