कडेची खुर्ची

प्रिय इदवल,

तू आणि तुझी आई आयस्तेदवोदच्या मैदानावर कविता-गाणी ऐकायला गेलात आणि मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. डोकं ठणठणीत आहे. एवढ्याशा कॅराव्हॅनमध्ये आपण तिघं, ओला कुत्रा आणि वर हा पाऊस. लिहायला जागा म्हणून मिळत नव्हती. जाता जाता तुझी आई म्हणालीच, "आयस्तेदवोदला येऊन कुणी अंथरुणात लोळतं का गं, तेगवेन? आमच्याकडे नाही बाई ही पद्धत." उद्या दुपारी स्पर्धा जिंकलेल्या कवीला मंचावरच्या मानाच्या खुर्चीत बसवतील. त्याआधी मला तुला एक सांगायचंय, आणि तोंडाने सांगायला गेले की तू मेंढ्यांचं काहीतरी काढतोस.

लग्नाच्या वेळी काय ठरलं होतं, आठवतंय? दोन वर्षं डोंगरावर, मग खाली अबेरिस्टविथ शहरात. मग तुझे बाबा आजारी पडले. मग ते गेले. मग आई एकटी, मग कोकरांचा हंगाम. दर वेळचं कारण खरंच होतं, त्यामुळे धड भांडताही आलं नाही. तू वाईट नाहीस रे. वाईट असतास तर मी केव्हाच निघून गेले असते. पण माझा जीव घुसमटतो तिथे. रोज संध्याकाळी फाटक लावते आणि दर वेळी मी आतल्या बाजूला असते. तुला वाटतं, मी दमलेय.

बैठकीतल्या त्या खुर्च्या, तुझ्या बाबांनी गावोगावी कवितेसाठी जिंकलेल्या, मीच पुसत आले. या मोठ्या आयस्तेदवोदची खुर्ची काही त्यांना मिळाली नाही. कवितेचे छंद शिकवायला ते तुला समोर बसवायचे आणि तू जांभया द्यायचास. मी फडकं घेऊन ऐकत उभी. एकदा म्हणाले, "पुसून पुसून पाय झिजवशील त्या खुर्चीचा. बस की जरा." बसले नाही. तुझी आई दारात होती.

काल जेवताना तू म्हणालास, "यंदा खुर्ची रिकामी राहणार नाही म्हणे. जिंकलेला जो कोण असेल तो वसंतात कळल्यापासून पोटात ठेवून बसला असेल बिचारा. बायकोलासुद्धा सांगायचं नाही म्हणजे शिक्षाच की." त्यावर तुझी आई म्हणाली, "बाईच्या पोटात राहिलंच नसतं." तुम्ही दोघं पोट धरून हसलात. मी बटाटे सोलत होते.

राहिलं, इदवल. वसंतापासून राहिलं. यंदाचा विषय फाटक होता आणि जिंकलेली कविता माझी आहे. त्यातली बाई एका सकाळी डोंगरावरचं घर सोडून जाते. मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून फाटक मागे नीट लावून जाते. परीक्षक हे सगळं मंचावरून सांगतील आणि तू माझ्या शेजारी बसून ऐकशील. ते तुला तिथे, सगळ्या गावाच्या देखत पहिल्यांदा कळू नये, म्हणून नियम मोडून लिहितेय. टोपणनाव पुकारल्यावर उभी राहिले तर ती बाई कोण, हे सगळ्यांना कळेल. मग काही झालं नाही असं दाखवत मला त्या घरात परत शिरता येणार नाही. बसून राहिले तर पुढे कधीच उठायची नाही. फार भीती वाटतेय मला. पण कर्णा वाजेल, माझं टोपणनाव पुकारतील आणि मी उठेन. तुझे पाय लांब म्हणून रांगेतली कडेची खुर्ची नेहमी तुझी, आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये. उद्या ती माझ्यासाठी ठेवलीस तर घरी काय बोलायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. नाही ठेवलीस, तर तुझे गुडघे ओलांडून जाईन.

अजून तरी तुझीच,
तेगवेन