लाल-पांढरी काठी

३ नोव्हें., सोम.
प्रताप नगरच्या चौकात आज ठोकता ठोकता वाचलो. ऑटो एकदम पुढ्यात. मी म्हणतो एकदम. मागे बसलेली कुसुम म्हणते, तो केव्हाचा उभा होता. घरी येताच बाईसाहेबांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली. "आधी डोळे दाखवा, मग मागा." अख्खी नोकरी सरकारी रस्ता-संशोधनात गेली, कोणत्या चढावर ड्रायव्हरले किती लांबचं दिसते ते मोजण्यात. अन् ही मले शिकवते! जेवलो नाही. (थोडं जेवलो.)

५ नोव्हें., बुध.
माळ्यावर जुनी काठी सापडली. लाल-पांढरे पट्टे, रंग उडालेला.
मौद्याकडचा तो चढ. नवीनच लग्न झालेलं, हाताखालचा माणूस सुटीवर, म्हणून हिलेच नेलं. मी ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवर उकिडवा, ही काठी घेऊन चढापलीकडे चालत. "दिसते का?" "दिसते!" आधी पाय चढाआड गेले, मग पदर, मग काठीचं टोक. ओरडलो, "थांब वं!" त्या खुणेवरूनच तिथं रस्त्यावर ओव्हरटेक-बंदीची पट्टी मारली. अजून म्हणते, माझी पट्टी. काय दिवस होते! धाब्यावरचा चहा, केसांत धूळ, अन् हसून हसून...

७ नोव्हें., शुक्र.
बेसाहून मंजूचा फोन. आईनंच करायला लावला असणार. "बाबा, गाडी काहून पाहिजे तुम्हाले? मेट्रो आहे ना." पोरीले काय सांगू? हिले मागे बसवून बाजारात जायचं, खांद्यावर तिचा हात. मेट्रोत कुठलं ते.
डॉक्टरकडे जाणार नाही, साफ सांगितलं. कुसुम म्हणाली, "मग काढा ती काठी."

९ नोव्हें., रवि.
सकाळी गल्ली रिकामी. मी बंद स्कूटरवर बसलो, ही काठी घेऊन निघाली. ठरलं: कोपऱ्यापर्यंत दिसली तर किल्ली माझी.
"दिसते का?" "दिसते!"
मग धूसर. पण लाल-पांढरं होतं समोर. म्हटलं, "दिसून राहिली!" पुन्हा ओरडलो, "दिसून राहिली वं!"
खांद्यावर हात. बोळातून फिरून ही केव्हाची माझ्या मागे उभी! समोरचं ते लाल-पांढरं म्हणजे खोदकामाचं बॅरिकेड.
वाटलं, आता हसेल. हसली नाही. डोळे भरलेले तिचे. माझेही.
किल्ली माझ्याच हातात ठेवली. म्हणाली, "आता तुम्हीच सांगा, पट्टी कुठं मारायची."
दुपार झाली. किल्ली अजून हातातच आहे.